उंबऱ्याचा बंदोबस्त

तुंगाने सोमवारी सकाळी उंबऱ्यावर डावा पाय ठेवला आणि वेंकोजीरावांच्या हातून कॉफीचा लोटा निसटला.

तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. तुंगा त्यांची नात. वय एक वर्ष आणि वर दीड महिना. या वयाची पोरं कुठे ना कुठे पाय ठेवतातच. पण वेंकोजीराव कॉफी पुसायलाही थांबले नाहीत. त्यांनी झडप घालून नातीला उचललं, उंबऱ्यापासून चांगलं सहा हात आत आणून बसवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक दिली, "नर्मदा, पंचांग आण आधी."

त्याचं असं होतं. वेंकोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते. पुढे घोडा गेला, तलवार गेली, जमीन तर कधी आलीच नाही. घराण्यात शिल्लक राहिली ती एक रीत. मूल पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी घराचा उंबरा ओलांडतं, त्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्याने हातात नारळ घेऊन बाहेर बसायचं आणि मुलाला बोलवायचं. मूल आलं की तिथेच नारळ फोडायचा. आत कढई चढलेली असायची. तिच्यातला पहिला गरम कडबू, म्हणजे पुरणाची तळलेली करंजी, वडीलधाऱ्याने आणि मुलाने अर्धा अर्धा खायचा, बाकीचे अकरा घरांत वाटायचे. कडबू गरमच हवा. थंड कडबू चालतो असं आजवर घराण्यात कुणी म्हटलेलं नव्हतं.

आणि नेमकी इथेच वेंकोजीरावांची दुखरी नस होती. एकतीस वर्षांपूर्वी त्यांची बदली बन्नूरच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत झाली होती. ते शनिवारी म्हैसूरला यायचे. त्यांचा मुलगा मनोहर याने उंबरा ओलांडायला गुरुवार निवडला. नर्मदाबाईंनी बिचाऱ्यांनी डबा भरून कडबू बसच्या कंडक्टरबरोबर पाठवले. डबा चुकून बसमध्येच राहिला, गावोगाव फिरला आणि शुक्रवारी संध्याकाळी कचेरीत पोचला. वेंकोजीरावांनी ते गार, चिवट कडबू कचेरीच्या बाकावर बसून एकट्याने खाल्ले. ही गोष्ट त्यांनी नंतर कधीच कुणाला सांगितली नाही, म्हणजे वर्षातून दोनदाच सांगितली. यावेळी आपण तिथे असायचं, एवढंच त्यांनी तुंगाच्या जन्माच्या दिवशी ठरवून टाकलं होतं.

पंचांगाने पुढच्या आठवड्यातला शुक्रवार दिला. सूनबाई वनजाला बँकेतून त्याच दिवशी अर्धी रजा मिळत होती. म्हणजे अकरा दिवस. अकरा दिवस तुंगाला उंबऱ्याच्या आत ठेवायचं. तुंगाला पंचांग कळत नव्हतं, ही यातली मुख्य अडचण.

"अप्पा, दार लावून ठेवा की," मनोहर कामावर निघता निघता म्हणाला.

"दिवसाढवळ्या पुढचं दार लावायचं?" नर्मदाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील? घरात कोण गेलं म्हणून विचारायला येतील. आणि दिवेलागणीला दार बंद? माझ्या घरात हे चालायचं नाही हं."

तेव्हा दार उघडं आणि पोर आत, असा बंदोबस्त करणं आलं. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला बंदोबस्ताची काय कथा? वेंकोजीरावांनी जेवणाचा मोठा पाट उभा करून उंबऱ्याला टेकवला आणि समाधानाने पेपर उघडला. तुंगाने पाटाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने दोन्ही हातांनी तो पद्धतशीरपणे आपल्याकडे ओढला. पाट आडवा पडला. ती त्यावर चढली. पाटाच्या उंचीने उंबरा आता तिला गुडघ्याएवढाच उरला होता. वेंकोजीराव पेपर टाकून धावले.

मंगळवारी त्यांनी स्टूल ठेवलं. तुंगा तोवर भिंत धरूनच चालायची. स्टूल ढकललं की ते पुढे सरकतं आणि आपणही त्याच्यामागे सरकतो, हा शोध तिला दहा मिनिटांत लागला. संध्याकाळपर्यंत तिने स्टुलाला हॉलमध्ये चौदा फेऱ्या मारायला लावल्या. बुधवारी वेंकोजीरावांनी जुन्या पेपरांचे गठ्ठे रचले. बुधवारी ती चढायला शिकली. गुरुवारी स्टूल हॉलच्या मधोमध एकटंच उभं होतं आणि तुंगा त्याला सोडून, दोन्ही हात वर करून, कशालाही न धरता त्यांच्याकडे येत होती. पाच पावलं आली आणि मग मटकन बसली.

वेंकोजीरावांचा ऊर भरून आला. लगेच धस्सही झालं. आपण एक अडथळा घालतो आणि पोरगी त्यातून एक विद्या काढून घेते, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं असं नाही. पण ध्यानात येणं वेगळं आणि माघार घेणं वेगळं. फौजेतल्या घराण्याला दुसरी गोष्ट जमत नाही.

त्यातच तिने दुसऱ्या आघाडीवरही बंड पुकारलं. भरवायला गेलं की ती चमचा हिसकावून घ्यायची आणि म्हणायची, "बेडा." बेडा म्हणजे कन्नडमध्ये नको. तिच्या तोंडून बाहेर पडलेला हा पहिला धड शब्द. वनजा साताऱ्याची, आपली लेक आधी 'आई' म्हणेल अशी वाट बघत बसलेली. "मामंजी, ही सगळ्यालाच नको म्हणते, तेही कन्नडमधून," ती कळवळून म्हणाली. तुंगाने त्या दिवशी उप्पीट स्वतःच्या हाताने खाल्लं. निम्मं पोटात गेलं. उरलेलं दुपारी वेंकोजीरावांना त्यांच्या चपलेत सापडलं. तरीही चमचा सरळ तोंडात गेला होता दोनदा, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं आणि पुढे दोन दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

संध्याकाळी ते शुक्रवारची तालीम घ्यायचे. हॉलच्या एका टोकाला मांडी घालून बसायचं, दोन्ही हात पुढे पसरायचे, तळवे वर, आणि म्हणायचं, "बा, बा. तुंगव्वा, बा." या घरात लहान पोराला आणि मांजराला 'ये' म्हणायचं ते कन्नडमध्येच. तुंगा कधी यायची, कधी पाठ फिरवून निघून जायची.

शेजारचे कृष्णमूर्ती निवृत्त हेडमास्तर. घरात मराठी, रागावले की कन्नड आणि लिहायची वेळ आली की इंग्रजी, असा त्यांचा नेम होता. ते पेपरांचे गठ्ठे बघून हसले.

"काय राव हे? याला फाटक हवं. लाकडी, कमरेएवढं. एकदा लावलं की सुम्ने, निवांत पाय पसरून बसा तुम्ही."

"अकरा दिवसांसाठी फाटक?"

"आता सातच राहिलेत स्वामी. म्हणून म्हणतोय, घाई करा."

वेंकोजीराव त्याच दुपारी अग्रहारातल्या वेंकटेश सुताराकडे गेले. घरातली टेप सापडेना म्हणून त्यांनी दाराचं माप सुतळीने घेतलं होतं आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या होत्या. यातली एक गाठ ऑटोत सुटली आणि त्यांनी ती अंदाजाने पुन्हा मारली. सरकारी माणसाने अंदाजाने काही करू नये, हे त्यांनी स्वतः कितीतरी जणांना सुनावलं असेल.

"नाळे सायंकाळ होईल सार," वेंकटेश म्हणाला. नाळे म्हणजे उद्या. शुक्रवारी वेंकोजीराव गेले, तेव्हाही तो नाळेच म्हणाला. शेवटी शनिवारी सकाळी ते दुकानासमोर बाक टाकून बसले, की फाटक तयार झाल्याशिवाय हलायचंच नाही. दुपारी चारपर्यंत बसले. जेवण नाही, नात नाही, डोळ्यांत भुसा. पण काम नजरेसमोर झालं.

फाटक सुरेख होतं. वेंकटेशने कुणी सांगितलं नसताना दोन्ही कडांना एकेक पोपट कोरला होता. दाराला लावून बघितलं तेव्हा कळलं की ते चौकटीपेक्षा सहा बोटं रुंद आहे.

"कापायला येतं," वेंकटेश दुखऱ्या आवाजात म्हणाला, "पण पोपट जाईल."

कुठला पोपट घालवायचा यावर घरात एकमत होईना. मग सोमवारी फाटक चौकटीच्या बाहेरच्या बाजूने ठोकलं. आता ते बाहेर उघडू लागलं. घराला पुढे अंगण नव्हतंच. एक पायरी, मग नाल्यावरची फरशी, मग रस्ता. उघडलं की फाटकाचा पोपट फरशीवर नऊ इंच पुढे यायचा.

मंगळवारी सकाळी कृष्णमूर्ती आले. त्यांनी फाटकाचं कौतुक केलं, कॉफी घेतली, लोटा खाली ठेवला आणि खिशातून एक लिफाफा काढून वेंकोजीरावांच्या हातात दिला.

"हे काय?"

"नोटीस. फरशीवर लाकडी बांधकाम करायचं नाही, असा आपल्या रहिवासी संघाचा नियम आहे. सगळ्या विजयनगर भागात आमचीच गल्ली तेवढी नियमाने चालते."

"अहो, फाटक लावा म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते शेजारी म्हणून. ही नोटीस सेक्रेटरी म्हणून. बेजार करून घेऊ नका. अर्ज द्या, विचार करू."

दुसरा कोणी असता तर त्याने तो कागद बंबात घातला असता. पण वेंकोजीरावांचं सारं आयुष्य कागदाला मान देण्यात गेलेलं. त्यांनी चष्मा लावला, नोटीस दोनदा वाचली, आणि तिची भाषा त्यांना आवडली. मग संघाचा छापील अर्ज घेऊन ते संध्याकाळपर्यंत बसले. अर्जात 'बांधकामाचा हेतू' असं विचारलं होतं आणि पुढे तीनच रकाने होते: वाहन, दुकान, जनावर. नात कुठल्या रकान्यात बसते? वेंकोजीरावांनी बराच विचार करून 'जनावर' हा शब्द पट्टीने सरळ रेघ मारून खोडला, वर 'नात' लिहिलं, संख्येच्या जागी 'एक' लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी रीतसर सही केली.

बुधवारी संघाची समिती पाहणीला आली. कृष्णमूर्ती पुढे, दोन सभासद मागे. तुंगा आत उंबऱ्यापाशी उभी होती. तिने दोन दिवस फाटकाची कडी अज्जा कशी काढतात आणि घालतात, याचा अभ्यास केलेला होता. समिती समोर येताच तिने वाकून, जीभ बाहेर काढून, दोन बोटांनी कडी उचलली. फाटक सुटलं ते थेट सेक्रेटरींच्या गुडघ्यावर. वेंकोजीरावांनी नातीला वेळेवर कमरेला धरून उचललं नसतं, तर रीत तिथेच, समितीच्या साक्षीने, गुडघा चोळत पार पडली असती.

"बेडा," तुंगा हवेत पाय झाडत म्हणाली.

"मंजूर," कृष्णमूर्ती गुडघा धरून म्हणाले. "नात एक, शुक्रवारपर्यंत."

गुरुवारभर वेंकोजीराव कडीवर हात ठेवून दारात बसून राहिले. जेवणही तिथेच झालं.

आणि शुक्रवार उजाडला. उंबऱ्याला हळदकुंकू लागलं. रांगोळी झाली. वनजा अर्धी रजा टाकून आली, मनोहर आला, कृष्णमूर्ती धुतलेलं धोतर नेसून आले. नर्मदाबाईंनी कढई चढवली. वेंकोजीरावांनी फाटक पूर्ण उघडलं, बाहेर फरशीवर चटई टाकली, तिच्यावर मांडी घातली आणि नारळ मांडीत घेतला. एकतीस वर्षं ज्या जागेवर त्यांनी मनाने बसून पाहिलं होतं, त्या जागेवर ते आज खरोखर बसले. त्यांनी हात पसरले.

"बा, बा. तुंगव्वा, बा."

तुंगाला परकर नेसवला होता. ती उंबऱ्यापर्यंत आली. तिने आजोबांकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, धोतरवाल्या सेक्रेटरींकडे पाहिलं. उघड्या फाटकाची कडी एकदा वाजवून बघितली. मग वळली आणि आत निघून गेली.

"लाजली," वनजा म्हणाली.

"चमचा दाखवा," कृष्णमूर्तींनी सुचवलं. चमचा दाखवला. स्टूल दाखवलं. मनोहरने मांजराचा आवाज काढून बघितला. तुंगा दोनदा आली, उंबऱ्याची हळद बोटाने चाटून गेली. आतून नर्मदाबाई ओरडल्या, "अहो, पहिला घाणा गार झाला. दुसरा टाकू का थांबू?" वेंकोजीराव हात पसरून बसलेलेच होते. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या आणि गेल्या, आणि मग पायच आहेत की नाहीत हे कळेनासं झालं. आत तुंगा दिसेनाशी झाली होती.

"अज्जा."

हाक पाठीमागून आली. वेंकोजीरावांनी मान वळवली. घराच्या बाजूच्या बोळाच्या तोंडाशी तुंगा उभी होती. परकराला चिखल, हातात काकडीची फोड. तिच्यामागे कृष्णमूर्तींच्या पत्नी कमलाक्षी.

"तरी म्हटलं, आज पोर नटून कशी आली," कमलाक्षी म्हणाल्या. "रोज येते की मागच्या दाराने. आमच्या तुळशीपाशी उभी राहते. काकडी दिली की परत जाते, आपली आपण. शनिवारपासून."

मागच्या अंगणात उघडणारं स्वयंपाकघराचं दार वेंकोजीरावांच्या बंदोबस्तात नव्हतंच. शनिवारी ते कुठे होते, हेही सगळ्यांना माहीत होतं.

नर्मदाबाई झारा हातात घेऊन दारात आल्या. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही मागच्या दारालाही फाटक केलं असतं." मग त्यांचा आवाज उतरला. "आणि तुमचं तोंड बघवलं नसतं मला. बन्नूरचं एकदा बघितलंय, तेवढं साकु, पुरे."

वेंकोजीरावांनी मनातल्या मनात वकिली करून पाहिली. मागच्या दाराला उंबरा तो काय? सिमेंटची तीन बोटं पट्टी. पण पक्षकार चुकीच्या दाराने आला म्हणून त्यांनी चौतीस वर्षांत कधी दस्त नाकारला नव्हता. ओलांडलं ते ओलांडलं. पोरगी आपल्या पायांनी बाहेर गेली होती, आणि आपण पुन्हा तिथे नव्हतो. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी नारळ चटईवर ठेवला आणि धोतराच्या सोग्याने उगाचच चष्मा पुसला.

तुंगा त्यांच्याजवळ आली. अर्धी चावलेली काकडी तिने त्यांच्या हातात दिली, कारण पुढच्या कामाला तिला दोन्ही हात लागणार होते. ती पायरी चढली. उंबऱ्यावर दोन्ही तळवे टेकले, डावा पाय वर टाकला, क्षणभर घोड्यावर बसावी तशी उंबऱ्यावर बसली. वनजा मदतीला वाकली.

"बेडा," तुंगा म्हणाली.

तिने दुसरा पाय ओढून घेतला, आत उतरली, डुगडुगली, सावरली. मग ती वळली. उंबऱ्याच्या आत, दोन्ही पायांवर उभी राहून तिने बाहेर बसलेल्या आजोबांकडे पाहिलं. तिने दोन्ही हात पुढे पसरले, तळवे वर, जसे अकरा दिवस तिच्यासमोर पसरले जात होते तसे.

"बा," ती म्हणाली. "अज्जा, बा."

वेंकोजीराव उठायला गेले आणि त्यांचे पाय जागेवरच राहिले. मनोहरने धावत येऊन हात पुढे केला.

"बेडा," वेंकोजीराव म्हणाले.

त्यांनी एक हात फरशीवर टेकला. गुडघ्यांवर आले. पायरीपर्यंत तसेच रांगत गेले, पोपट धरून उभे राहिले, डुगडुगले, सावरले. तुंगा हात पसरून वाट बघत होती. तिला कसली घाई नव्हती. वेंकोजीरावांनी उंबऱ्यावर डावा पाय ठेवला आणि ओलांडून आत आले. तुंगाने त्यांच्या मुठीतली काकडी काढून घेतली आणि खाली बसून खायला लागली.

"एक शंका," कृष्णमूर्ती बाहेरून म्हणाले. "तुमची रीत बाहेर जाण्याची ना? हे तर आत येणं झालं."

"बाहेर सगळेच जातात," वेंकोजीराव म्हणाले. "आत येऊन बोलावलं तिने मला. नोंद झाली. नारळ आणा तो इकडे."

नारळ उंबऱ्याच्या आतल्या बाजूला फुटला. पाणी रांगोळीत गेलं. नर्मदाबाईंनी तिसरा घाणा टाकला आणि पहिला कडबू झाऱ्यावरच घेऊन आल्या, तेल अजून चुरचुरत होतं. वेंकोजीराव नातीशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी कडबू मोडला. तिच्या वाटणीच्या अर्ध्यावर ते कितीतरी वेळ फुंकर घालत राहिले, बोटाने चाचपून पाहिला, मग तिच्या हातात दिला, तिचा तिला खाऊ दिला. आपला अर्धा त्यांनी तसाच तोंडात टाकला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, जरा निवू द्यायचा की," नर्मदाबाई म्हणाल्या.

वेंकोजीरावांनी तोंड मिटूनच मान हलवली आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.